चुलबंदकाठचा शंकरपट: जोडी न्यावी असा पट

साकोली-लाखांदूर पट्ट्यात चुलबंद नदीच्या काठावर आमचं माहेरगाव आहे. संक्रांत झाली की तिथं पट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, भरतो, त्याबद्दल लिहितेय. माहेर म्हणून कौतुक करते असं कुणाला वाटेल, पण सासरची आमची जोडी भंडारा, गोंदिया, गडचिरोली अशा तिन्ही जिल्ह्यांतल्या पटांना पळते. धुरकरी, म्हणजे छकडा हाकणारा, माझा दीर. बैलांचा खोराक माझ्याकडे, म्हणून जोडीसोबत मीही जाते. सरकीची ढेप किती, उडीद किती, पळायच्या आदल्या रात्री कणकेचे गोळे किती द्यायचे आणि सकाळी काय अजिबात द्यायचं नाही, हे सगळं मी बघते. त्यामुळे पटात काय चांगलं नि काय वाईट, ते मी बैलाच्या बाजूनं सांगू शकते.

आधी जागेबद्दल. आमच्या धानपट्ट्यात पट बांध्यांमध्येच, म्हणजे धानाच्या शेतांतच, भरतो. धान कापून चुरणं झालं की बांध्या रिकाम्या होतात, पण चिखल करून रोवलेली ती माती जानेवारीत अशी तडकते की भेगेत मनगटापर्यंत हात जातो. धावत्या बैलाचा खूर त्यात अडकला तर पाय गेलाच समजा, आणि पाय गेलेल्या बैलाचं शेतकऱ्याच्या घरी पुढं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही कितीतरी ठिकाणी नुसते धुरे (शेताचे बांध) फोडतात, वरून ट्रॅक्टरनं पाटा फिरवतात, चुन्याच्या रेघा मारतात आणि पट तयार म्हणतात. वरून सपाट दिसतं, भेगा आत तशाच राहतात.

आमच्या गावची पट समिती याच कामात सगळ्यात जास्त दिवस घालवते. नदीची बारीक रेती आणून भेगांमध्ये हातानं भरतात, मोटार लावून पाणी सोडतात, वापसा आला की हलकी वखरणी करतात आणि मग रूळ फिरवतात. पट्टीवर अनवाणी चालून बघायचं काम म्हाताऱ्यांकडे असतं. पाय जिथं दबेल तिथं काडी रोवतात, तेवढा तुकडा पुन्हा भरतात. यंदा मी स्वतः चप्पल काढून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. एकसारखी पट्टी, कुठं ढेकूळ नाही की कुठं खड्डा नाही.

रेघेपुढची जागा त्याहून महत्त्वाची. जोडीनं शेवटची रेघ ओलांडली की सगळ्यांच्या माना पंचांकडे वळतात. मी मात्र पुढं बघत असते. सुसाट सुटलेली जोडी काही रेघेवर थांबत नसते, तिला वेग उतरवायला मोकळं रान लागतं. इथं रेघेपलीकडच्या दोन बांध्या नांगरून भुसभुशीत ठेवलेल्या असतात. खूर मातीत रुततात, वेग आपोआप कमी होतो, धुरकऱ्याला कासरा खेचून बैलाचं नाक फाडावं लागत नाही. त्या बांध्यांत कुणाला उभं राहू देत नाहीत, पोरांनाही नाही आणि पुढाऱ्यांनाही नाही. मागं एका पटात (गावाचं नाव घेत नाही) रेघेच्या पुढंच मोटारसायकली लावल्या होत्या. जोडी वळवता वळवता माझा दीर छकड्यावरून फेकला गेला आणि त्याचा खांदा निखळला. तेव्हापासून आमच्याकडे ठरलंय, आधी रेघेपुढची जागा बघायची आणि मगच प्रवेशाची पावती फाडायची.

आता तपासणीचं. पट काय आपल्या मनानं भरवता येतो असं नाही. 2011 मध्ये केंद्रानं बैलाचं नाव करमणुकीसाठी वापरायला बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि सगळीकडचे पट थांबले. 2017 मध्ये राज्यानं कायदा केला, पण तो कोर्टात अडकला. 16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयानं अटी घालून परवानगी दिली आणि 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं कायदा कायम केला. बंदीच्या वर्षांत माझ्या सासऱ्यांनी, मामाजींनी, पटाची जोडी विकली नाही. औताला जुंपली, पण सकाळची नदीवरची फेरी आणि डोहातलं पोहवणं सोडलं नाही. पट पुन्हा सुरू झाले तेव्हा ते बैल म्हातारे झाले होते. मामाजींनी गोठ्यात जाऊन त्यांना ते सांगितलं, मी जवळच उभी होते.

म्हणून हे नियम आम्हाला जाच वाटत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, धाव 1000 मीटरच्या वर नेता येत नाही (इकडचे पट त्याहून कितीतरी आखूड असतात), आर (काठीच्या टोकाचा खिळा) टोचायची नाही, शेपटी पिरगाळायची नाही, विजेचा झटका द्यायचा नाही. बैलाचे हाल केले तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. कागदावर हे सगळीकडे सारखंच आहे. फरक पडतो तो जनावरांचा डॉक्टर बैलाला हात लावतो की नुसता सही करतो, यात.

इथला डॉक्टर हात लावतो. शेपटीचा गोंडा उचलून मणक्यामणक्यावरून बोटं फिरवतो, कारण पिरगाळून मोडलेली शेपटी बरी झाली तरी तिथं गाठ राहते. मग मांडीवर लव उलटी करून तळहात फिरवतो. तुतारीच्या, म्हणजे बैल हाकायच्या काठीच्या, आरेनं टोचलेल्या जुन्या जखमा वरून दिसत नाहीत, पण हाताला बारीक दाण्यांसारख्या लागतात. त्यानंतर नाकपुड्या, वेसणीची जागा, डोळे. आमच्या बैलांना तो हात लावत होता तेव्हा मी कासरा धरून होते, म्हणून हे सगळं जवळून पाहिलं. माझ्या डोळ्यादेखत गावातल्याच एका मोठ्या घरच्या जोडीला त्यानं परत पाठवलं. घरचा माणूस चिडला, समितीकडे गेला. समितीनं डॉक्टरची बाजू घेतली आणि त्याची पावती परत करून पैसे दिले. आपल्याच गावातल्या बड्या घराला नाही म्हणणं सोपं नसतं. ह्या एका गोष्टीसाठी मी हा पट दहा पटांच्या वर ठेवीन.

पळवण्याची रीत जुनीच आहे. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावतात, दोन छकडे शेजारी शेजारी उभे करतात, झेंडी पडली की सुटतात. हरलेली जोडी बाहेर, जिंकलेली पुढच्या फेरीत. बाहेरच्या नामी जोड्यांसाठी मोठा गट असतो, आणि दुसरा गट फक्त शेतात राबणाऱ्या बैलांचा. दुसऱ्या गटात आमच्याकडच्या कठाणी जातीचे बैल असतात. लहान चणीचे, चिखलात राबणारे. वर्ध्याकडच्या गवळाऊसारखे उंच, पांढरेशुभ्र नि देखणे ते नाहीत. पण मालक त्यांना नावानं हाका मारत रेघेपर्यंत सोबत धावतो, बायकापोरं धुऱ्यावरून ओरडतात, आणि पूर्ण पटात सगळ्यात मोठा गलका ह्याच गटाला होतो. बाहेरून येणारे लोक मोठा गट बघून निघून जातात. माझं सांगणं आहे, दुपारची जेवणं लवकर उरका आणि हा गट बघा.

यंदा आमची जोडी उपांत्य फेरीत हरली. नुसत्या डोळ्याला दोन्ही जोड्या सोबतच पोचल्या होत्या. आमची माणसं एकीकडून आणि समोरची दुसरीकडून पंचांच्या मचाणाखाली जमा झाली, आवाज चढले. अशा वेळी पट बिघडतात, काठ्या निघतात, हे मी पाहिलंय. इथं रेघेच्या दोन्ही टोकांना बांबूला मोबाईल बांधलेले होते. पंचांनी दोन्ही धुरकऱ्यांनाच वर बोलावलं, बाकी कुणालाही नाही. हळू करून चित्र दोनदा दाखवलं. समोरच्या जोडीच्या जुवाचं टोक आधी रेघेवर आलं होतं. दीर खाली उतरला, समोरच्या धुरकऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाला, “वहिनी, हारलो. पण बरोबर हारलो.” मग आम्ही बैलांना पाणी पाजायला गेलो.

हरलेल्या जोडीची इथं आबाळ होत नाही. मोहाच्या झाडांखाली बैलांची जागा आहे, प्रत्येक जोडीला तनस आणि पाण्याचा ड्रम. हरलात म्हणून दावणीवरून कुणी उठवत नाही, रात्रभर थांबता येतं. माणसांचं जेवण पट समितीकडून: भात, लाखोळीचं वरण, वांगी-आलूची भाजी. साधं, पण गरम, आणि वाढणारे आग्रह करतात. बाहेर हॉटेलांची रांग लागते, तिथला आलूबोंडा आणि तिखट रस्सा मला आवडतो. जिलेबी मात्र तेलकट होती.

पण खरं जेवण घरोघरी असतं. आमच्या भागात लेकी दिवाळीला येतील न येतील, पटाला येतात. धान विकून हातात पैसा आलेला असतो, कामं उरकलेली असतात. एकेका घरात वीस-वीस पाहुणे. ज्यांच्याकडे कुणी आलं नाही त्यांच्याकडे शेजारचे आपले पाहुणे पाठवतात. मुलींची स्थळं इथंच बघितली जातात. माझं लग्नही पटातच ठरलं. मामाजी जोडी घेऊन आले होते, माझ्या बाबांनी त्यांच्या बैलांना आमच्या गोठ्यात बांधलं, आणि बोलणी तिथंच झाली.

रात्री नाटक. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या ह्या पूर्व विदर्भात, पट आणि नाटक वेगळं काढता येत नाही. वैनगंगा ओलांडली की वडसा, आणि तिथं नाटक मंडळींची ठाणी. ह्याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्याकडे गावोगावी पेढे वाटले. दहाच्या पुढं पडदा उघडतो आणि तांबडं फुटेस्तोवर नाटक चालतं. यंदाचं नाटक कौटुंबिक होतं, दुसऱ्या अंकात थोडं रेंगाळलं. आईचं काम करणाऱ्या बाईंनी मात्र शेवटच्या प्रवेशात सगळ्या मंडपाला रडवलं. पेटी-तबला समोरच, गाणी तिथल्या तिथं गायलेली. तिकीट काढून पुढं खुर्चीवर बसा किंवा मागं घरून आणलेल्या चादरीवर. मी चादरच घेते.

आता जे बरोबर नाही ते. नाटकाच्या मंडपाजवळ बायांसाठी कापडाची दोनच आडोशाची शौचालयं, आणि तिथं दिवा नाही. रात्रभर हजारो बाया बसतात, ही सोय कमी नाही तर नसल्यासारखीच आहे. दुसरं म्हणजे पटाच्या आदल्या संध्याकाळी जो डीजे लावतात, तो बैलांच्या झाडांकडे तोंड करून असतो. आमचा उजवा बैल रात्रभर उभा राहिला, बसला नाही. बैल बसला नाही म्हणजे त्याला विश्रांती नाही. भोंगे नदीकडे फिरवले तरी भागेल.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरच्या पटात बाया छकडा हाकतात, बक्षिसं घेतात. आमच्याकडे बैलांचा खोराक, शेण, पाणी, आजारपण सगळं बायांच्या हातात, आणि पट्टीवर मात्र एकही बाई नाही. माझी भाची बारावीत आहे. घरच्या कठाणी जोडीला ती रिकाम्या बांधीत इतकं नेमकं हाकते की तिचा बाप बघत राहतो. मी समितीकडे लेखी अर्ज दिलाय, पुढच्या पटात बायांचा एक गट ठेवा म्हणून. अध्यक्ष नाही म्हणाले नाहीत, बैठकीत ठेवतो म्हणाले. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी हाकणारी लेक किंवा सून असेल तर तुम्हीही अर्ज द्या. चार-पाच अर्ज झाले तर चिठ्ठ्या टाकण्याइतक्या जोड्या होतात.

जोडी आणायची असेल तर बैलांचे कागद आणि टॅग सोबत ठेवा, आदल्या दिवशी दुपारीच पोचा. डॉक्टर सकाळी लवकर सुरू करतो आणि रांग लांब असते. रेल्वेनं येणाऱ्यांना गोंदिया-बल्लारशा गाडी, वडशाला उतरून पुढं बस किंवा काळीपिवळी. गावात लॉज नाही, पण कुणाच्याही दारात उभे राहा आणि पटाला आलो म्हणा, जेवण आणि अंथरूण मिळतं. थंडी नदीकाठची असते, घोंगडं आणा. बैलांनाही झूल आणा.