क्लिप की अलाइनर? आधी ताटात बघा

आमच्या घरात दोन्ही झालं. वेडेवाकडे दात सरळ करायला लेकीला १४व्या वर्षी धातूची क्लिप, म्हणजे दातांवर चिकटवलेली तार, आणि तिचं बघून मला ४१व्या वर्षी अलाइनर, म्हणजे दातांवर चढवायचे, काढता येणारे पारदर्शक साचे. त्यामुळे सोलापुरात कुणी "काय बसवू?" विचारलं की माझा पहिला प्रश्न असतो, खाता काय?

क्लिपचा वैरी आपल्या ताटातच बसलेला असतो. कडक भाकरीचा तुकडा मोडून दाढेखाली घेतला की ब्रॅकेट, म्हणजे तार धरणारं दातावरचं छोटं बटण, सुटलंच म्हणून समजा. लेकीचं तीनदा सुटलं, त्यातलं एकदा सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत, मक्याच्या कणसाचा लचका तोडताना. सुटलेलं ब्रॅकेट तारेवर मण्यासारखं फिरतं आणि तारेचं टोक गालाला टोचतं. मग डॉक्टरांनी दिलेलं मेण चिकटवून तारीख मिळेपर्यंत दिवस काढायचे. भाकरी सोडावी लागत नाही, आमटीत कुस्करून खायची. शेंगाचटणीही चालते, फक्त कूट तारेखाली जाऊन बसतं आणि ब्रशला दहा मिनिटं लागतात. क्लिपने दात किडतात म्हणतात ते खरं तर या दहा मिनिटांचा कंटाळा केल्याने.

अलाइनर काढून जेवता येतं, म्हणून लोकांना ते सोपं वाटतं. मला तर हाच सगळ्यात मोठा गैरसमज वाटतो. ते दिवसाला २० ते २२ तास दातांवर हवं. आमच्याकडे चहाच चार वेळा होतो. दर वेळी काढा, डबीत ठेवा, चूळ भरा, परत लावा. पहिल्या महिन्यात मी १६ तासांवर घसरले आणि पुढचा ट्रे, म्हणजे अलाइनरचा पुढचा साचा, बसेचना, जुन्यावरच आणखी आठवडा काढावा लागला. मे महिन्यात एकदा डबी गाडीच्या डॅशबोर्डवर राहिली. दुपारी परत आले तर ट्रेची एक बाजू वाकलेली! शिवाय ते 'अदृश्य' वगैरे नसतं. पकडीसाठी दातांवर दाताच्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवतात, जवळून बघणाऱ्याला ते कळतात.

सिरॅमिकच्या क्लिपबद्दल थोडक्यात सांगते. दिसायला बरी, धातूपेक्षा महाग, ब्रॅकेट ठिसूळ. आणि त्यावरची पारदर्शक रबरं आपल्या रश्श्याच्या हळदीने चार दिवसांत पिवळी होतात, ती पुढच्या भेटीतच बदलतात.

"आता या वयात?" हे मी शेजारणीकडूनही ऐकलं आणि सासूबाईंकडूनही. दातावर सतत हलका दाब राहिला की एका बाजूचं हाड झिजतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं. हे मोठ्या वयातही होतं, हिरड्या तेवढ्या निरोगी हव्यात. जबड्याची वाढ वळवायची असेल तर मात्र वाढतं वयच लागतं, म्हणून पोराला सातव्या वर्षाच्या आसपास एकदा दाखवून घ्यावं. जागेसाठी दात काढायला सांगितला तर "वरचा दात काढला की नजर जाते" म्हणणारे भेटतीलच. दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी. घाबरू नका. उपचार चालू असताना दात किंचित हलतात, तेही पुढे घट्ट होतात.

मग निवडायचं कसं? शाळकरी पोर, दात बरेच वेडेवाकडे, डबी हरवण्यात पटाईत, तर धातूची क्लिपच. ती काढताच येत नाही, हाच तिचा गुण. पण महिन्या-सव्वा महिन्याने तार बदलायला जावं लागतं, म्हणून ती पुण्यात बसवून सोलापुरात राहणं मला पटत नाही. दुसऱ्याने बसवलेलं ब्रॅकेट चिकटवायला इथले डॉक्टर सहसा राजी नसतात. दात थोडेच सरकवायचेत, शिक्षण किंवा नोकरीसाठी बाहेरगावी राहणं आहे आणि स्वतःला शिस्त आहे, तर अलाइनर. तीन-चार ट्रे एकदम मिळतात, फेऱ्या वाचतात. खर्च मात्र साधारणपणे क्लिपपेक्षा बराच जास्त. एक्स-रे न काढता, नुसत्या फोटोवरून घरपोच ट्रे देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका.

पैशांचं बोलताना रिटेनर, म्हणजे उपचारानंतर दात जागेवर धरून ठेवणारा साचा किंवा तार, धरलाय का तेही विचारून घ्या. क्लिप निघाली की सुटलो, असं आम्हालाही वाटलं होतं. दात जुन्या जागी परतायला बघतात, म्हणून आधी काही महिने जवळजवळ दिवसभर आणि मग वर्षानुवर्षं रात्री रिटेनर लावावा लागतो. आमच्या ठरलेल्या रकमेत तो नव्हता, आणि हे कळलं क्लिप काढायच्या दिवशी, खुर्चीवर.