इन्स्टाग्राम की व्हॉट्सॲप?

गोव्यातल्या मोरजी, आगोंदच्या वाळूत कासवं अंडी घालतात. त्या घरट्यांसाठी पैसे उभे करायचे तर छोट्या संस्थेने हाक कुठे मारावी? समुद्राकडे धडपडणाऱ्या पिल्लाचं इन्स्टाग्राम रील पुण्या-मुंबईपर्यंत पोचतं. पण कॅप्शनमधली लिंक सहसा दाबून उघडत नाही. लोक लाल बदाम देऊन पुढे सरकतात.

व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी जेमतेम 256 जणांची, आणि आपला नंबर सेव्ह केलेल्यांनाच मेसेज जातो. तरी माझं मत तिलाच. "घरट्याभोवती जाळी लावायचीय" एवढं लिहून क्यूआर पाठवला की पेडण्यातला दुकानदार जत्रेच्या गडबडीतही शंभर रुपये टाकतो. (खाली यूपीआय आयडीही लिहा, स्वतःच्याच फोनवरचा कोड स्कॅन कसा करायचा, इथे काका-काकू अडतात.) देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी, 80जी नावाने ओळखली जाणारी नोंदणी असेल तर पावतीही त्याच चॅटवर.