एमएस आणि नोकरी: घरून काम बरं की सकाळचं ऑफिस?

एमएसचं (मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मज्जातंतूंवरचं आवरण झिजवणारा आजार) निदान पचलंय, औषधं सुरू आहेत, आता नोकरी टिकवायची आहे, असं समजून लिहितो. बैठं काम असेल तर आपल्याकडे साधारण दोन रस्ते उरतात. साहेबांकडून घरून काम मागून घ्यायचं, नाहीतर ऑफिसचीच वेळ सकाळी सात ते एक करून घ्यायची. मी जळगावात एका खाजगी ठिकाणी हिशेबाचं काम करतो आणि दोन्ही करून पाहिलंय.

ऊन हा पहिला प्रश्न. अंग तापलं की एमएसवाल्याची नजर धूसर होते. श्रमानंतर असं होतं, हे उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्येच नोंदवून ठेवलंय. मज्जातंतूवरचं आवरण जिथे झिजलंय, तिथून उष्णतेत संदेश नीट पुढे सरकत नाही. अंग निवलं की बहुधा सगळं पूर्ववत होतं. पण भर दुपारी ताळेबंदातला आठ आणि तीन सारखाच दिसायला लागला तर ‘पूर्ववत होईल’ म्हणून भागत नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा घरून काम सरळ पुढे निघून जातं. बाहेर पडायचंच नाही, कूलरसमोर बसायचं. (पावसाळी दमट हवेत तोच कूलर कुचकामी, ते सोडा.) लघवीची घाई होणाऱ्यांना तर घरच सोयीचं, यात वादच नाही.

मग माझं घोडं अडलं कुठे? “तू ते घरमाच शे ना?” या एका वाक्यापाशी.

गॅसची टाकी येणार आहे, तू घरीच आहेस ना. शेजारच्या काकूंचं पार्सल घेऊन ठेव, घरीच आहेस ना. मामा दवाखान्यात दाखवायला चोपड्याहून आलेत, त्यांच्याजवळ बस जरा. एकेक काम किरकोळ, नाही म्हणायला जीभ रेटत नाही. पण एमएसचा थकवा झोपेने भरून निघणारा नसतो. दिवसाची ताकद मोजून मिळते, आणि ती दाराशी उठबस करण्यातच अकरापर्यंत संपायची. बरं, बाहेरून दिसायला मी धडधाकट. समजावून सांगायलाही ताकद लागतेच की. ऑफिसात निदान माझ्या टेबलाला ऑफिसचं टेबल म्हणतात.

सकाळच्या वेळेत खोट नाही असं नाही. एकला सुटलो की परतीचं ऊन अंगावर येतं. मानेभोवती ओला रुमाल, बर्फाच्या पाण्याची बाटली आणि सावलीतल्या थांब्यावरची रिक्षा, एवढ्यावर माझं निभतं. तुमचं घर लांब असेल किंवा चालण्याचा त्रास जास्त असेल, तर हिशेब कदाचित उलटा येईल.

रेल्वेत, एसटीत किंवा जिल्हा परिषदेत असाल तर तुमची बाजू जरा भक्कम आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएस आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेने कामावरून काढायचं नाही की पद घटवायचं नाही, जुनं काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं द्यायचं, असं कलम २० सांगतं. खाजगीत बरंचसं मालकाच्या समजुतीवर येतं. तिथे ‘घरून करतो’ पेक्षा ‘लवकर येतो, लवकर जातो’ हे मालकाच्या गळी लवकर उतरतं, असा माझा तरी अनुभव. माणूस डोळ्यांसमोर असला की त्यांनाही बरं वाटतं.

एक मात्र आधीच ठरवून घ्या. ही वेळ बारमाही मागू नका. आपल्याकडे जानेवारीत सकाळी हात गारठतात, आणि थंडीत बऱ्याच जणांचे पाय आखडतात, माझेही. दिवाळी उलटली की मी दहाची वेळ मागतो आणि होळी झाली की पुन्हा सातची.