इनडोअर फुटबॉल टीमला आगाऊ पैसे देताय? आधी हे वाचा

अमेरिकेत छोट्या शहरांत राहणाऱ्या मराठी लोकांसाठी, आणि त्यातही मंडळाच्या कमिटीत आहेत त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय. आमच्या मंडळाचे आणि आमच्या प्रिंटिंगच्या दुकानाचे, असे दोन्हीकडचे पैसे एकाच टीमने बुडवले. टीमचं आणि माणसांचं नाव लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे, पण पद्धत सगळीकडे सारखीच असते म्हणून ती नीट सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, पण आइस हॉकीच्या रिंकवर टर्फ अंथरून खेळतात. मैदान ५० यार्डांचं, एका बाजूला ८ खेळाडू, कडेला गाद्या लावलेल्या भिंती, खेळाडू थेट येऊन भिंतीवर आदळतात, स्कोअर धडाधड वाढतो. जिम फॉस्टरने १९८१ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इनडोअर सॉकर बघता बघता एका पाकिटावर याचा आराखडा काढला होता आणि १९८७ मध्ये चार टीम घेऊन अरीना फुटबॉल लीग सुरू झाली. खेळ खरंच भारी आहे, मुलांना तर वेड लागतं, आणि म्हणूनच फसायला होतं.

टीमचा सेल्सवाला आमच्या दुकानात आला तो बॅनर छापायला. तरुण, गोड बोलणारा मुलगा. भिंतीवर आमच्या गणपतीतल्या लेझीम पथकाचा फोटो आहे, तो बघून म्हणाला, अरे हे तर हाफटाइमला मैदानावर करू, तुमची मुलं लाइटमध्ये, अनाउन्सर तुमच्या मंडळाचं नाव घेणार, फक्त ग्रुप तिकिटं घ्या. कर्ट वॉर्नरचं नाव त्याने पहिल्या पाच मिनिटांतच काढलं. वॉर्नर आयोवा बार्नस्टॉर्मर्सकडून अरीना फुटबॉल खेळायचा आणि पुढे जानेवारी २००० मध्ये एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या सगळ्यात मोठ्या लीगमधल्या रॅम्स टीमकडून सुपर बोल, म्हणजे त्या लीगची फायनल, जिंकला, हे सगळं खरं आहे, पण त्याचा या टीमशी काय संबंध? तरी ऐकताना भारी वाटतंच ना. मंडळाने पैसे दिले, आणि चेकने दिले कारण तो म्हणाला कार्डवर फी लागते, चेक दिला तर तेवढी सूट देतो. हे चेकचं लक्षात ठेवा, पुढे येतंय.

दुकानाचं काम वेगळं होतं. बॅनर, भिंतींच्या गाद्यांवर लावायची स्पॉन्सरांची व्हिनाइल स्टिकरं, सीझन तिकिटांची कार्डं. थोडे पैसे आधी आले, बाकीचे पहिल्या होम गेमनंतर म्हणाले. गेम झाला आणि म्हणाले ट्रेड करूया, म्हणजे बिलाऐवजी आमच्या दुकानाची जाहिरात भिंतीवर. नवरा म्हणाला जाहिरातीने शाईचं बिल भरता येत नाही, रोखच द्या. त्यानंतर त्यांचे फोन कमी झाले.

पहिला गेम मात्र झाला आणि छान झाला. गर्दी होती, धूर, लाइट, मुलं गेमनंतर मैदानात उतरून खेळाडूंच्या सह्या घेत होती. हे मुद्दाम सांगतेय, कारण लोक विचारतात की अगदीच बोगस होतं का. नव्हतं. टीम होती, कोच होता, खेळाडू जीव तोडून खेळले. त्यातलाच एक खेळाडू काही दिवसांनी बॅनर न्यायला दुकानात आला आणि हळूच विचारलं की इथे पार्ट टाइम काही काम मिळेल का, चेक अजून आलेला नाही आणि मोटेलवाला पैसे मागतोय. मला फार वाईट वाटलं, आणि राग आला मालकाचा. घरदार सोडून आलेली विशी-पंचविशीतली पोरं, एका गेमचे थोडेसे डॉलर मिळणार म्हणून हाडं मोडून घेतात आणि तेही थकवायचे?

लेझीमचा गेम रद्द झाला. टीमने लिहिलं की तारखेची अडचण आहे, नवी तारीख कळवू. मी सरळ अरीनाच्या बॉक्स ऑफिसला फोन केला, तर तिथली बाई म्हणाली की भाडं आलेलं नाही म्हणून दार बंद आहे. मुलं शनिवारी शनिवारी कम्युनिटी हॉलमध्ये प्रॅक्टिस करत होती, त्यांना काय सांगायचं? मग मालकाचा फोन बंद, वेबसाइट गायब, आणि थोड्या दिवसांनी एक ईमेल आला की नवीन मालक येतायत, सगळी तिकिटं मान्य होतील, कृपया धीर धरा. तर हा जो धीर धरा आहे ना, तो सगळ्यात महागात पडतो, कारण क्रेडिट कार्डने पैसे दिलेल्यांना बँकेकडे लेखी तक्रार करायची मुदत कायद्याने स्टेटमेंट निघाल्यापासून ६० दिवसांची असते. काही बँका त्यापुढेही ऐकतात पण भरवसा नाही. ज्यांनी तो ईमेल वाचून वाट बघितली त्यांची मुदत त्यातच निघून गेली आणि ज्यांनी लगेच तक्रार केली त्यांना पैसे परत मिळाले. आमचा चेक, त्यामुळे तो रस्ताच नव्हता.

त्यानंतर मी या सगळ्या लीगचा इतिहास शोधून वाचत बसले आणि थक्क झाले. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीचंच बघा. तिथे १९९० पासून फायरबर्ड्स टीम होती, तिचा एडी ब्राउन, ज्याला २००६ मध्ये अरीना फुटबॉल लीगच्या इतिहासातला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. इतकं प्रेम करणारं गाव, तरी टीम २००० च्या सीझननंतर इंडियानापोलिसला नेली. मग २०१८ मध्ये ऑल्बनी एम्पायर आली, २०१९ मध्ये अरीनाबोल, म्हणजे या लीगची फायनल, जिंकली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अख्खी लीगच दिवाळखोरीत गेली. त्याच नावाची टीम २०२१ मध्ये नॅशनल अरीना लीग या दुसऱ्या लीगमध्ये उतरली, २०२१ आणि २०२२ दोन्ही वर्षी चॅम्पियन. २०२३ मध्ये एडी ब्राउनचा मुलगा, एनएफएलचा माजी स्टार अँटोनियो ब्राउन मालकीत आला, गावाला वाटलं आता काय, घरचाच माणूस. त्या वर्षी जूनमध्ये, सीझन चालू असताना, लीगची देणी थकल्यामुळे लीगने टीमलाच बाहेर काढलं. सलग दोन वर्षं जिंकलेली टीम! पुढचे होम गेम रद्द झाले आणि सीझन तिकीटवाले हातात तिकिटं घेऊन बसले.

२०२४ मध्ये अरीना फुटबॉल लीगचं नाव पुन्हा आलं, १६ टीम, मोठमोठ्या घोषणा. एप्रिलच्या शेवटी सुरू झाली आणि मे महिन्यातच टीम गळायला लागल्या, कमिशनर बदलला, मिनियापोलिसच्या टार्गेट सेंटरमध्ये खेळणारी मिनेसोटा मिथ तर मेमध्येच संपली. उरलेल्यांनी कसाबसा सीझन पूर्ण केला आणि नंतर त्यांतल्या बऱ्याच टीमनी अरीना फुटबॉल वन नावाने वेगळी लीग काढली. म्हणजे टीम चांगली, गाव चांगलं, खेळाडू चांगले असून चालत नाही, वर लीग आणि मागे मालक दोघांकडे पैसा लागतो.

कारण खर्च बघा ना. अरीना भाड्याचं, टर्फ बहुतेक वेळा भाड्याचं, खेळाडूंची राहायची सोय, बस, आणि वर्कर्स कॉम्पेन्सेशनचा, म्हणजे कामावर दुखापत झाली तर भरपाई देणारा विमा, जो या खेळात महाग असणारच. टीव्हीचे पैसे जवळजवळ नसतातच. मग पहिल्या गेमचा खर्च भागतो कशातून, तर तुम्ही आगाऊ दिलेल्या सीझन तिकिटांतून आणि स्पॉन्सरशिपमधून. तिसऱ्या-चौथ्या गेमपर्यंत तो पैसा संपलेला असतो. टीम एलएलसी म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी असते, त्यामुळे कंपनी रिकामी झाली की मालकाच्या घरापर्यंत सहसा कुणी पोचत नाही. आम्ही स्मॉल क्लेम्स, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या, कोर्टात गेलो, निकाल आमच्या बाजूने लागला, पण वसूल कुठून करणार, खात्यात काही नाही आणि ऑफिसही बंद.

त्यामुळे आमच्यासारखी ऑफर कुणाला आली तर पैसे देण्याआधी थेट अरीनाला फोन करून विचारा की सगळ्या होम गेमच्या तारखा करार करून घेतल्यात का आणि डिपॉझिट आलंय का, टीमच्या माणसाला विचारून उपयोग नाही. बहुतेक राज्यांत सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या साइटवर एलएलसी कधी काढली आणि चालू आहे का ते फुकट दिसतं. सीझन तिकीट कितीही स्वस्त वाटलं तरी पहिल्या वर्षी एकेका गेमचंच तिकीट घ्या, ते अरीनाच्या बॉक्स ऑफिसवरून आणि क्रेडिट कार्डनेच घ्या. झेल (Zelle, बँकेतून थेट पैसे पाठवायची सोय), चेक, कॅश अजिबात नाही, सूट गेली तर जाऊ दे. आणि तुमचं दुकान, केटरिंग, बस सर्व्हिस असं काही असेल तर माल द्यायच्या आधी पूर्ण पैसे, ट्रेडला सरळ नाही म्हणा.

आमची तक्रार राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे आहे. तो फॉर्म भरायला वकील लागत नाही, पावती, चेकची दोन्ही बाजूंची कॉपी आणि ते धीर धरावाले ईमेल जोडले की झालं. एकाच टीमबद्दल जास्त लोकांनी भरला तर लक्ष दिलं जाण्याची शक्यता वाढते, म्हणून रक्कम लहान असली तरी भरा. आमच्या मंडळातल्या घरांनी वेगवेगळा भरलाय.