डेस्मोप्रेसिन: नाकातला फवारा की गोळी?

पिट्युटरीच्या (मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी) ऑपरेशननंतर डायबेटिस इन्सिपिडस मागे लागला (साखरेशी संबंध नाही, लघवीवाटे पाणी वाहून जातं) की डेस्मोप्रेसिन हे हार्मोन औषध सुरू होतं. मी दोन्ही प्रकार वापरलेत. रोजच्यासाठी माझं मत गोळीला.

फवारा लवकर लागू पडतो, जेवणखाण आड येत नाही, उलट्या होत असतानाही घेता येतो. पण सर्दी झाली की भरवसा संपला. औषध आत किती गेलं कळत नाही, मग दुसऱ्या फवाऱ्याचा मोह होतो. गोळी पोटातून अगदी थोडी शोषली जाते, म्हणून फवारा 10 मायक्रोग्रॅमचा तर गोळी 100 किंवा 200ची. बदल करताना हा हिशेब घरी मांडू नका. पोट भरलेलं असलं तर गोळी आणखी कमी शोषली जाते, तेव्हा रोज वेळ एकच ठेवायची.

रक्तातलं सोडियम (मिठातला क्षार) दोन्हींनी घसरू शकतं, फवाऱ्याने जास्त. मुलं झोपेत अंथरूण ओलं करतात त्यासाठी फवारा देऊ नये, असं अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) 2007 मध्येच सांगितलं. सोडियम उतरून झटके आले होते.

माझं काय झालं? घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो तर लघवीचं काय, या धास्तीने निघताना एक फवारा जादा मारला. आणि जुन्या सवयीने लिटरची बाटली वाटेत संपवली. घरी डोकं ठणकतंय, मळमळतंय. बायको म्हणाली, ऊन लागलं. तिने लिंबू सरबत दिलं, शेजारच्या काकूंनी नारळपाणी. रात्री शर्टाची बटणं लावता येईनात. सोडियम 121 निघालं; हवं 135 ते 145.

मीठ कमी पडलेलं नसतं हो! औषध पाणी अडवून धरतं, आपण वरून पीत राहतो, रक्त पातळ होतं. म्हणून तहानेपुरतंच पाणी. पुढचा डोस घेण्याआधी मागचा ओसरून एकदा भरपूर लघवी होऊ द्यायची. ती कधी, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. साठीपुढचे असाल किंवा बीपीची पाणी काढणारी गोळी चालू असेल तर सोडियमची तपासणी लवकर लवकर लागते.

बरळणं, गुंगी, झटका दिसला तर थेट हॉस्पिटल गाठा आणि डेस्मोप्रेसिनचं नाव आधी सांगा. सोडियम भराभर चढवलं तर मेंदूला इजा होते, तिथे घाई चालत नाही.