सावंतवाडीची दशावतारी गंजिफा आणि तिचे अर्धपशू राजे

सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही हाताने रंगवल्या जाणाऱ्या दशावतारी गंजिफेचा, म्हणजे विष्णूच्या दहा अवतारांवर बेतलेल्या गोल पत्त्यांच्या खेळाचा, संच पारखायचा असेल, तर मत्स्य, कूर्म, वराह आणि नृसिंह या चार राजांचे पत्ते आधी हातात घ्यावेत. राम किंवा कृष्ण सरावलेला हात सहज काढतो. माणूस आणि पशू एकाच देहात बसवताना मात्र चित्रकाराचा कस लागतो, तोही तळहाताहून लहान अशा गोल पत्त्यावर.

माझ्याकडील संचात मत्स्याच्या उघड्या जबड्यातून मुकुटधारी देव कमरेपर्यंत वर आलेला असून माशाच्या ओठांची लाल कड आणि पीतांबराचा काठ एकमेकांना इतके बेमालूम भिडले आहेत, की सांधा शोधावा लागतो. कूर्माची रचनाही तशीच आहे. वराह आणि नृसिंह यांच्यात हा क्रम उलटतो, धड माणसाचे आणि मस्तक पशूचे होते. नृसिंहाची आयाळ मुकुटाखालून थेट खांद्यांवर उतरवल्यामुळे मानेपाशी जोड दिसतच नाही, ही युक्ती मला फार आवडली. बाजारात मिळणारा एक छापील संचही मी पाहिला. त्यात नेमकी हीच जागा काळपट झाली आहे आणि सिंहाचे तोंड वरून चिकटवल्यासारखे दिसते. तो स्वस्त असला, तरी घेऊ नये.

ही लोपत चाललेली कला सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पुन्हा उभी केली आणि राणीसाहेबांनी त्यासाठी वृद्ध चितारी कारागिराकडून स्वतः धडे घेतले, हे ठाऊक असले म्हणजे हस्तचित्रित संचाची चढी किंमत खटकत नाही.

संच १२० पत्त्यांचा असतो. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. मत्स्याच्या रंगात तितके मासे, कूर्माच्या रंगात तितकी कासवे. तिघांचा डाव असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला ४० पत्ते येतात आणि गोल पत्ते एवढ्या संख्येने हातात धरणे नवख्याला अवघडच जाते. ते पिसण्याऐवजी चादरीवर पसरून कालवावेत, म्हणजे लाखेचा थरही खरवडत नाही. दिवसा रामाने आणि रात्री कृष्णाने उतारी होते, शिवाय निम्म्या रंगांत आकड्यांची चढउतार उलटी असते; त्यामुळे पहिले काही डाव जाणकाराला शेजारी बसवूनच खेळावेत.