पन्नासची प्राइम की लांबची झूम? पहिल्या डीएसएलआरसोबत काय घ्यावं

बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि तिच्यासोबत मिळणारी १८-५५ ची किट लेन्स हातात आली की महिन्याभरात प्रश्न येतोच: दुसरी लेन्स कोणती? पैसे एकाच लेन्सचे असतात आणि समोर नावं दोन: ५० एमएम एफ १.८ ही प्राइम, म्हणजे झूम न होणारी, नाहीतर २५०-३०० पर्यंत जाणारी झूम. एमएमचा आकडा म्हणजे फोकल लेंग्थ, तो मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं; एफचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त. जो तो पन्नासच सुचवतो. स्वस्त, हलकी, मागची पार्श्वभूमी मस्त धूसर करणारी. सगळं खरं आहे. तरी निवड करताना आवडीच्या आधी अंतर बघावं, म्हणजे फोटो काढताना तुमच्यात आणि समोरच्यात किती जागा असते ते. ठाण्या-नवी मुंबईत राहणाऱ्यासाठी ही अंतरं ढोबळमानाने तीन: घरातला हॉल, सणाचा रस्ता आणि खाडी.

हॉल

घोडबंदर रोडवरच्या वन बीएचकेत बारसं आहे असं धरा. पाळण्यापासून मागे सरकत तुम्ही सोफ्याला टेकलात, अंतर फार तर तीन मीटर. कॅननच्या क्रॉप सेन्सरवर (पहिल्या डीएसएलआरमध्ये बहुधा असतो तो लहान सेन्सर) ५० एमएम लावली तर तीन मीटरवर जेमतेम १.३ मीटर रुंदीचं मावतं. आई, बाळ आणि थोडा पाळणा. आत्या बाहेर, आणि बारशाच्या फोटोत आत्या नसेल तर पुढचं तुम्हीच निस्तरायचं. किट लेन्स १८ वर ठेवली तर त्याच जागेवरून ३.७ मीटर येतं, सगळं गणगोत मावतं.

पण प्रकाशाचं काय? किट लेन्स ५५ वर जास्तीत जास्त एफ ५.६ इतकीच उघडते. एफ १.८ म्हणजे त्याच्या साडेनऊ पट प्रकाश. ट्यूबलाइटच्या उजेडात जिथे किट लेन्स शटर १/१५ सेकंद उघडं मागते, तिथे पन्नास १/१२५ वर काम भागवते, आणि बाळाचे सतत हलणारे हात १/१५ ला हमखास पुसट येतात. इथे पन्नासला तोड नाही. फक्त एक सांभाळा: एफ १.८ वर एक मीटर अंतरावरून चेहरा टिपलात तर स्पष्ट येणारा पट्टा तीन सेंटिमीटरहून कमी असतो. फोकस नथीवर बसला की डोळे गेले. एफ २.८ वर या, फोकसचा ठिपका स्वतः निवडून डोळ्यावर ठेवा.

हॉलसाठीच लेन्स घ्यायची असेल तर मी पन्नासपेक्षा थोडी रुंद सुचवेन. निकॉनवाल्यांना ३५ एमएम एफ १.८ जी डीएक्स, तीन मीटरवर दोन मीटर रुंदी देते. कॅननची २४ एमएम एफ २.८ एसटीएम तर बॉडीवर झाकणासारखी बसते आणि पावणेतीन मीटर पकडते, पण प्रकाशाला पन्नासपेक्षा कमी.

निकॉनमध्ये एक फसगत ठरलेली आहे. डी ३५००, डी ५६०० या बॉडींत फोकसची मोटर नाही, त्यामुळे जुनी ५० एमएम एफ १.८ डी स्वस्तात मिळाली तरी ती यांच्यावर आपोआप फोकस करत नाही. नावात एएफ-एस किंवा एएफ-पी हवं. त्यातही एएफ-पी लेन्स डी ३१००, डी ३२०० सारख्या जुन्या बॉडींवर फोकस करत नाहीत. बॉडी सेकंडहँड असेल तर लेन्सच्या आधी तिचा नंबर बघा.

रस्ता

पाडव्याची शोभायात्रा, कौपिनेश्वर मंदिराचा परिसर, ढोल-ताशा, फेटे, लेझीम. इथे दोन्ही नव्या लेन्स घरी ठेवल्या तरी चालतील. गर्दीत मागे सरकायला जागा नसते आणि भर उन्हात एफ ८ वर किट लेन्स छान चालते. दहीहंडीला मात्र गणित बदलतं. ठाण्यात नऊ थर लागलेले आहेत. तीस मीटरवरून सगळ्यात वरच्या थरावरचं पोर ५५ वर चौकटीच्या आठव्या हिश्श्याइतकं दिसतं, २५० वर निम्म्याहून जास्त. पाण्याच्या फवाऱ्यांसाठी एक पारदर्शक प्लास्टिकची पिशवी आणि रबर बँड पुरतात.

खाडी

आणि मग फ्लेमिंगो. सीवूड्सला एनआरआय कॉम्प्लेक्सच्या मागे, टी. एस. चाणक्यजवळ किंवा ऐरोलीच्या बोटीवर, कॅमेरा घेतलेला माणूस हिवाळ्यात एकदा तरी जातोच. ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत आली, त्याआधी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाली होती. पाणथळीवर जायचं तर भरतीची वेळ बघून निघा. ओहोटीला पक्षी उघड्या चिखलावर दूर पसरलेले असतात, भरतीने तो चिखल बुडाला की आतल्या तळ्यांकडे येतात.

छोटा रोहित, म्हणजे इथला लहान फ्लेमिंगो, साधारण नव्वद सेंटिमीटर उंच. पन्नास मीटरवरून ५५ एमएमने टिपला तर सेन्सरवर त्याची उंची एक मिलिमीटर, म्हणजे चौकटीचा पंधरावा भाग. २५० वर साडेचार मिलिमीटर, जवळजवळ एक तृतीयांश. "नंतर क्रॉप करू" म्हणाल तर तेही मोजू: ५५ च्या फोटोतून २५० इतकी चौकट कापली की २४ मेगापिक्सेलचे उरतात जेमतेम सव्वा. शंभर मीटरवर मात्र २५० सुद्धा अपुरी पडते, तिथे १५०-६०० वाल्यांचं राज्य. ती दोन किलोच्या आसपासची लेन्स पहिल्या वर्षी विकत घेऊ नये, हवीच तर शनिवार-रविवारपुरती भाड्याने आणावी.

झूममध्येही नीट बघून घ्या. कॅननच्या जोडीच्या काही ऑफरमध्ये ७५-३०० येते. आकडा मोठा, किंमत कमी, म्हणून मोह होतो. पण तिच्यात स्टॅबिलायझर नाही, आणि इतक्या लांबीवर हाताची थरथर सरळ फोटोत उतरते. ५५-२५० आयएस एसटीएमची लांबी थोडी कमी असली तरी स्टॅबिलायझर आहे, फोकस जलद आणि शांत आहे, ३०० च्या आकड्यापेक्षा ते कधीही बरं. निकॉनची एएफ-पी ७०-३०० डीएक्स दोन प्रकारांत येते, खोक्यावर व्हीआर लिहिलेलीच घ्या. स्टॅबिलायझर फक्त तुमचा हात सांभाळतो, पक्ष्याचे पंख नाही. उडत्या थव्याला १/१००० च्या आसपास शटर ठेवा, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या.

तर मग कोणती? घरात लहान मूल असेल तर प्रकाश घ्या, म्हणजे पन्नास किंवा पस्तीस, डोळे मिटून. नसेल तर माझं मत लांबच्या झूमला. कारण साधं आहे: ५० ही फोकल लेंग्थ तुमच्या किट लेन्समध्ये आधीच आहे आणि कमी उजेडाची भरपाई आयएसओ वाढवून, खिडकीजवळ बसवून थोडी तरी होते. अंतराची भरपाई कशानेच होत नाही. पुढे मिररलेसकडे (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे) वळलात तरी पैसे वाया जात नाहीत: कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स आर बॉडीवर अ‍ॅडॅप्टरने चालतात, निकॉनच्या एएफ-एस आणि एएफ-पी लेन्स झेड बॉडीवर एफटीझेड अ‍ॅडॅप्टरने.

बाकीचं सामान

लेन्सखालोखाल पहिला खर्च हवाबंद डब्याचा, आणि तो कुठल्याच कॉम्बोत नसतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडे भिंतींना ओल येते, चपलांना बुरशी येते, ती लेन्सलाही येते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, काचेच्या आतून. कॅमेरा बॅगेत ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण, कारण बॅगेचा स्पंज दमट हवा धरून ठेवतो. स्वयंपाकघरातला रबर लावलेला घट्ट झाकणाचा मोठा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर परतून कोरडं करायचं. तांदूळ नको, त्याची पूड लेन्सच्या रिंगांत जाते. विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट उत्तम, पण ते तिसऱ्या लेन्सनंतर. एसीच्या खोलीतून येऊरच्या पावसाळी हवेत आलात तर कॅमेरा अर्धा तास बॅगेतच राहू द्या, नाहीतर काचेवर लगेच वाफ धरते.

ट्रायपॉड फुकटचा असेल तर नको म्हणा. तो प्लास्टिकच्या डोक्याचा, मोबाइलसाठी ठीक. उपवन तलावाकाठी संध्याकाळी वारा सुटला की ५५-२५० लावलेली बॉडी त्यावर डुलते. बॉल हेडचा अ‍ॅल्युमिनियमचा घ्या, मधल्या दांड्याला बॅग अडकवा, शटरला दोन सेकंदांचा टायमर लावा. हे जमत नसेल तर वर्षभर कठड्यावर कॅमेरा टेकवून काढा, चालतं.

यूव्ही फिल्टरचा उपयोग संरक्षणापुरताच, आणि ते काम लेन्स हूड बिनबोभाट करतं. पोलरायझर मात्र घेण्यासारखा आहे. येऊरच्या ओल्या पानांवरची चमक काढली की खरा हिरवा दिसतो, तलावाच्या पाण्यावरची चकाकीही कमी होते. त्यापायी एक-दोन स्टॉप प्रकाश जातो (दर स्टॉपला निम्मा), म्हणून पक्ष्यांच्या वेळी काढून ठेवा. फिल्टरच्या मापाने कॅननची १८-५५ आणि ५५-२५० दोन्ही ५८ मिलिमीटरच्या, पन्नास एसटीएम ४९ ची. ५८ चा एकच घ्या आणि ४९ ते ५८ ची स्टेप-अप रिंग, ती अगदी किरकोळ किमतीत येते.

दुसरी बॅटरी? कॅनन १५०० डी एका चार्जवर सुमारे ५०० फोटो देतो, तिथे घ्या. निकॉन डी ३५०० चा अधिकृत आकडा १५५० आहे, तिथे घाई नाही. कार्ड १२८ जीबीचं एक घेण्यापेक्षा ६४ ची दोन. लोकलने फिरणार असाल तर मोठ्या कॅमेरा बॅगेऐवजी रोजच्या सॅकमध्ये बसणारी गादीची पिशवी घ्या. सॅक पुढे घेऊन उभं राहता येतं आणि आत कॅमेरा आहे हे कुणाला कळत नाही.

सेकंडहँड लेन्ससाठी फोर्टच्या बोरा बाजारात जाणार असाल तर बॉडी सोबत न्या, दिवसाउजेडी जा. अ‍ॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र) पूर्ण उघडून लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च लावा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे दोन-चार कण चालतात. जाळी दिसली तर किंमत कितीही खाली आली तरी परत ठेवा, तुमच्या डब्यातल्या बाकीच्या लेन्स शाबूत राहतील.